राहणाऱ्या

मंत्रालयाच्या फाटकावर काटा अडवला.
"हे काय? आकडा आहे, साखळी आहे, खाली चड्डी लोंबतेय."
वजनकाटा, म्हटलं. पोरं टांगून बघतो, किती भरतात.
हवालदाराने तो दोन बोटांत धरला,
बाजारात शिळं पापलेट धरतात तसा,
आणि टोकन दिलं. पितळी. एकसष्ट.

पासावर एक रकाना: कामाचे स्वरूप.
मेहजबीनने विचारलं, काय लिहू?
पाडलेल्या अंगणवाडीची सेविका ती, अक्षर मोत्यासारखं.
म्हटलं, लिही, एक शब्द बदलायचा आहे.
खिडकीतला माणूस हसला. "एकच?"

चौथा मजला. हिंगमिरे बाई, चष्मा डोक्यावर.
पडदा आमच्याकडे वळवून म्हणाल्या,
"बघा, तुमच्या प्रभागात लाल चाळीसवरून अकरावर आलंय.
अभिनंदन करायला हवं तुमचं."

मेहजबीनने वही उघडली,
दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं लाँगबुक.
खाडीलगत बुलडोझर आला त्या सकाळी
तिने आधी हेच उचललं, मग कुकर.
झिक्रा, चौदा महिने, सहा किलो शंभर.
सम्यक, दोन वर्षं, आठ किलो दोनशे.
जुळ्या, नावं ठेवायची आहेत अजून.
"ही लाल होती, मॅडम. आता कुठल्याच रंगात नाहीत.
घर पाडलं, पत्ता गेला. पत्ता गेला, नाव गेलं.
पोरं तिथंच आहेत, नाल्याच्या भिंतीला ताडपत्री बांधून.
तुमच्या पडद्यावर तेवढी बरी झाली."

चहा आला. चार बिस्किटं.
सवयीने मी मनात ग्रॅम मोजले.

मग शासन निर्णय काढला. पान दोन, कलम चार:
"सदर प्रभागातील रहिवासी बालकांना
पूरक आहार अनुज्ञेय राहील."
रहिवासी म्हटलं की दाखला आला,
दाखला म्हटला की वीजबिल, भाडेकरार,
आणि ज्याची सही लागते तो नेमका गावाला गेलेला.
नवी योजना नको, म्हटलं,
निधीसाठी पुढल्या अधिवेशनात भांडू.
इथे फक्त 'राहणाऱ्या' करा.
राहायला कागद लागत नाही, बाई.
झिक्रा राहतेच आहे.

त्यांनी दोनदा वाचलं, ओठ हलवत.
"अर्थ तोच होतो ना?"
आणि स्वतःच थांबल्या.
पेन उचललं, ठेवलं, पेन्सिल घेतली,
समासात लिहिलं: राहणाऱ्या. पुढे प्रश्नचिन्ह.
"वित्त विभाग विचारेल, किती वाढतील."
मेहजबीन म्हणाली, "वाढतील कुठनं? आहेत तेवढीच आहेत."

पेन्सिल खोडता येते, ठाऊक आहे मला.
अठरा वर्षं हे जिने चढतेय.
समासातून पानात आलेले शब्द किती पाहिले,
तर दोन.
त्यातला एक 'अंडी' होता,
आणि तोही येताना 'उपलब्धतेनुसार' घेऊन आला.

खाली टोकन दिलं. हवालदाराने काटा आणला,
पण सोडेना. इकडं तिकडं बघून हळूच,
"ताई, माझी नात अडीच वर्षांची.
साडेनऊ भरते. बरं आहे ना?"
कुठं राहता?
"नालासोपाऱ्याला. भाड्यानं. दिवाळीत खोली बदलली."

मी काही बोलायच्या आत
मेहजबीन फाटकाशीच उकिडवी बसली,
पिशव्या सोडल्या, लाँगबुकचं कोरं पान काढलं,
आणि पत्त्याचा रकाना तसाच सोडून
विचारलं, "नाव काय तिचं?"